आईचं व्हॉट्सअ‍ॅप झेरॉक्सच्या दुकानात उघडं राहिलं. आता काय काय बघू?

सांजवात

आई ६८ वर्षांची, बार्शीत एकटी राहते. मी पुण्यात. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, ते गेल्यापासून तिला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं.

गेल्या रविवारी रात्री पावणेदहाला मी तिला भाचीच्या बारशाचे फोटो पाठवले. आई साडेआठला झोपते, फोन देवघराच्या कोनाड्यात चार्जिंगला असतो. दोन मिनिटांत फोटोंवर निळ्या टिका! मला वाटलं जागी आहे, म्हणून फोन लावला. झोपेतून दचकून उठली आणि पहिलं वाक्य, "कोण गेलं गं?"

दुसऱ्या दिवशी शेजारच्या, कॉलेजात जाणाऱ्या मुलीला आईच्या फोनमध्ये बघायला सांगितलं. वर तीन ठिपके, 'लिंक केलेली डिव्हाइस', आणि तिथे गूगल क्रोम, विंडोज, शेवटचा वापर आज. आईच्या घरात कॉम्प्युटर सोडा, टेबलसुद्धा नाही. खोदून विचारल्यावर आठवलं की आठदहा दिवसांपूर्वी बँकेच्या केवायसीसाठी झेरॉक्सच्या दुकानात गेली होती. तिथला मुलगा म्हणाला, "काकू, फोन द्या इकडे, मी काढतो." स्क्रीनसमोर फोन धरला, दोन प्रिंट, दहा रुपये, संपलं.

लॉग आउट लगेच करायला लावलं. पण दहा दिवस तिचं व्हॉट्सअ‍ॅप त्या दुकानात उघडं होतं आणि त्यात काय नाही ते विचारा. आधार दोन्ही बाजूंनी, पॅन, पासबुकाचं पहिलं पान, बाबांचा मृत्यूचा दाखला, माझंही पॅन. एटीएमचा पिन मीच एकदा चॅटवर लिहून पाठवला होता. हो, मलाच बोला.

खात्यातून काही गेलेलं नाही, शाखेत जाऊन पासबुक भरून आणलं. आईचं म्हणणं, तो मुलगा चांगला आहे, टायफॉइड झाला तेव्हा गोळ्या आणून देत होता, उगाच त्याच्याशी भांडू नकोस. भांडायचं मलाही नाही. पण नुसत्या आधार नंबरावरून काय काय होऊ शकतं आणि आता मी काय काय बंद करू, हे कुणी नीट सांगेल का? यूट्यूबवर बघितलं तर प्रत्येक जण "सावधान!" ओरडून सुरुवात करतो आणि शेवटी स्वतःचं अ‍ॅप घ्यायला सांगतो.

कडूकारले

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, सायबर पोलिसांत तक्रार द्या, बँक खातं बंद करा, नंबर बदला. दुकानदारांवर विश्वास ठेवायचे दिवस गेले.

टोनरवाला

कारलेसाहेब, १९३० पैसे गेल्यावर लावायचा असतो, आणि तो गेल्यागेल्या लावायचा, म्हणजे पैसे पुढच्या खात्यात अडवता येतात. इथे काही गेलेलं नाही. आणि नंबर बदलण्याइतका वाईट सल्ला दुसरा नाही. बँक, गॅस, आधार, पेन्शन सगळं त्याच नंबरावर असतं.

ताई, तुमच्या आईंसमोर जो मुलगा बसतो ना, त्या खुर्चीत मी १४ वर्षं बसतोय. तहसील कचेरीसमोर दुकान आहे, पंढरपूरच्या बाजूला. म्हणून आतली गोष्ट सांगतो, आमच्या धंद्यातल्या लोकांना आवडणार नाही.

आधी निळ्या टिकांचं. रात्री पावणेदहाला दुकान उघडं का, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. सरकारी पोर्टल दिवसा झोपलेलं असतं, रात्री नऊनंतर जागं होतं. फॉर्म आम्ही तेव्हाच भरतो. क्रोम उघडलं की कालचे टॅब परत येतात, त्यात व्हॉट्सअ‍ॅप असतंच. नवा मेसेज आला की चॅट वर सरकतं, पोराला वाटतं हीच गिऱ्हाइकाची फाइल, तो दाबतो, तुमची टीक निळी होते. तसंच झालं असेल अशी हमी मी देत नाही, पण माझ्या दुकानात हे महिन्यातून दोनदा होतं. एका माणसाचं व्हॉट्सअ‍ॅप बंद न करता दुसऱ्याचं काम सुरू केलं आणि पहिल्याच्या बायकोला दुसऱ्याचा सातबारा गेला, असंही एकदा झालंय.

आता खरी भीती कशाची ते सांगतो. चोर दुकानदार हजारात एक असेल. बाकीचे ९९९ माझ्यासारखे आळशी. २०२४ च्या जुलैत लाडकी बहीणचे फॉर्म चालू होते तेव्हा सकाळी सातपासून ओट्यावर बायका बसलेल्या असायच्या. दिवाळीत कॉम्प्युटर हळू चालतो म्हणून डाउनलोड्सचं फोल्डर उघडलं, तर साडेतीन हजारांच्या वर फाइली. सगळ्या बायकांचे आधार, पासबुकं, रेशनकार्डं. मी एकही मुद्दाम ठेवली नव्हती, काढायचं राहिलं एवढंच. आणि त्या कॉम्प्युटरला कोण कोण हात लावतं? मी, पोरगा, दिवसाला पन्नास जणांचे पेनड्राइव्ह, आणि प्रिंटर रुसला की लांबून एनीडेस्कवर बसून दुरुस्त करणारा माणूस. तो काम संपल्यावर बाहेर पडला की नाही हे बघायला वेळ कुणाला होता?

त्याहून वाईट ऐका. बरेच जण व्हॉट्सअ‍ॅप न उघडता दुकानाच्या नंबरावर कागद पाठवतात. तो नंबर माझ्याच फोनमध्ये. आलेला प्रत्येक फोटो आपोआप गॅलरीत उतरायचा आणि गॅलरीचा बॅकअप गूगल फोटोजमध्ये जायचा. गेल्या गणपतीत पोराने टीव्हीवर आरासीचे फोटो लावले. पाहुणे बसलेत, मोदक चाललेत, आणि गणपती, गणपती, मखर, मग एका आजोबांचं आधार कार्ड. त्रेचाळीस इंचांवर. आजोबा कुठल्या गावचे तेही वाचता येत होतं. मेहुणा हसला, मला मात्र घास गिळेना.

त्या दिवसापासून दुकानाचा फोन वेगळा केला, त्याचा बॅकअप बंद केला, आणि रात्री शटर ओढायच्या आधी डाउनलोड्स रिकामं करतो. शिफ्ट दाबून डिलीट, नाहीतर फाइल कचरापेटीत जाऊन बसते आणि पोराला वाटतं गेली.

तुमच्यासाठी सांगायचं तर भांडू नका, आईंना घेऊन जा आणि म्हणा, "दादा, आईचे कागद कॉम्प्युटरवर राहिलेत का बघतो का जरा?" आईंचं नाव, 'आधार', 'स्कॅन' असं शोधायला लावा. स्कॅनरचं फोल्डर वेगळं असतं, ते विसरू नका, ते कुणीच रिकामं करत नाही. आणि हो, दुकानाच्या नंबरावर काही पाठवलं असेल तर 'सर्वांसाठी हटवा' हे साधारण अडीच दिवसच चालतं. तेही चॅटमधून जातं, कॉम्प्युटरवर उतरवलेली फाइल तिथेच राहते.

पिन एटीएमवर जाऊन आजच बदला. ते सांगायला नको.

सांजवात

टोनरवाला, घासापर्यंत वाचून मी लॅपटॉप मिटला होता. परत उघडला. पिन बदलला. मग आता आधारची झेरॉक्स द्यायचीच नाही का कुठे? 'मास्क्ड आधार' म्हणतात ते दुकानात चालतं का?

टोनरवाला

चालतं म्हणजे, त्यावर पहिले आठ आकडे झाकलेले असतात, शेवटचे चार दिसतात. आधारच्या माय आधार पोर्टलवरून उतरवायचं, ओटीपी नोंदवलेल्या मोबाइलवर येतो. लॉजवर, सोसायटीच्या गेटवर, कुरियरवाल्याला, हॉलच्या बुकिंगला बिनधास्त तेच द्या. सरकारी कचेरीत मात्र टेबलापलीकडचा माणूस "पूर्ण नंबराचं आणा" म्हणतो आणि तुम्ही परत माझ्याकडे येता. त्याच्याशी वाद घालायला आईंना लावू नका, तिथे पूर्ण द्या.

पण पूर्ण द्यायचं तर झेरॉक्सवर आडवं लिहून द्या: कशासाठी, कुणाला, तारीख. अक्षरं फोटोवर आणि नंबरावर थोडी चढू देत, कोपऱ्यात लिहिलं तर कापून टाकता येतं. जुने कारकून असंच करायचे, आता कुणी करत नाही.

आणि एक. ई-आधारच्या फाइलला पासवर्ड असतो म्हणून लोक निर्धास्त असतात. तो पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि जन्मसाल. गिऱ्हाईक बोलायच्या आत मी उघडतो, कारण नाव बाकीच्या कागदांवर असतंच आणि सालाचा अंदाज चेहऱ्यावरून येतो. कुलूप आणि किल्ली एकाच खुंटीला.

नागमोडी

एवढं घाबरण्यासारखं काय आहे कळत नाही. आधार नंबर सगळ्यांचा सगळीकडे आहे. मे २०२२ मध्ये आधारच्याच बंगळुरू कार्यालयाने झेरॉक्स कुणाला देऊ नका, मास्क्ड द्या असं पत्रक काढलं आणि दोन दिवसांत सरकारनेच मागे घेतलं, गैरसमज होतोय म्हणून. मग लपवून काय मिळणार?

खातेवही

निवृत्त आहे, ३३ वर्षं बँकेत काढली, शेवटची सहा ग्रामीण शाखेत. नागमोडी, तुमचं अर्धं बरोबर. नुसत्या आधार नंबरावर कुणी पैसे काढू शकत नाही. पण आधार नंबर, बँकेचं नाव आणि अंगठा, हे तीन एकत्र आले की काढता येतात. त्याला ओटीपी लागत नाही, पिन लागत नाही, एटीएम कार्ड लागत नाही. गावात बँकमित्राच्या मशीनवर म्हातारी माणसं अंगठा लावून पैसे काढतात ते हेच. एका वेळी १०,००० रुपयांपर्यंत. फार चांगली सोय आहे, माझ्या शाखेत तीन किलोमीटर चालत येणाऱ्या बायकांचे पाय त्याने वाचवले. पण अंगठा तर आपण सगळीकडे उमटवत असतो, जमिनीच्या दस्तांवरसुद्धा. तिथून ठसा उचलून रबरी अंगठे बनवल्याचे गुन्हे देशात नोंदले गेलेत.

म्हणून सांजवात, आईंचं बायोमेट्रिक लॉक करा. माय आधारवरच होतं, फुकट. लॉक असताना अंगठा कुठेच चालत नाही.

पण थांबा, हे करताना लोक एक गोष्ट विसरतात. लॉक केल्यावर रेशनच्या मशीनवरही अंगठा लागणार नाही, आणि नोव्हेंबरात हयातीचा दाखला अंगठ्यावर देत असतील तर तोही. माझ्या वहिनींचं झालं. दुकानदाराने तीन वेळा बोट पुसायला लावलं, लिंबू चोळायला लावलं, मशीन बिघडलंय म्हणून परत पाठवलं. पुतण्याने मुंबईत बसून लॉक करून ठेवलं होतं आणि सांगायला विसरला! तात्पुरतं उघडलं तर दहा मिनिटं उघडं राहतं आणि मग आपोआप बंद होतं. म्हणजे आई मशीनसमोर उभ्या राहिल्या की त्यांनी तुम्हाला फोन करायचा, तुम्ही पुण्यातून उघडायचं. ओटीपी त्यांच्या फोनवर येईल, तो त्यांनी तुम्हाला वाचून दाखवायचा. आणि हे फक्त तुम्हालाच, हे त्यांना बजावून ठेवायचं.

त्याच पोर्टलवर आधार कुठे कुठे वापरलं त्याचा गेल्या सहा महिन्यांचा इतिहास दिसतो. बघून घ्या. तारखा आईंच्या आठवणीशी जुळतात का एवढंच तपासायचं.

कडूकारले

काकांचं वाचून मी माझंही बघायला बसलो. आधारचा इतिहास ठीक. मग संचार साथी या सरकारी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिमं आहेत ते दिसतं म्हणून तेही बघितलं. चार निघाली. एक माझं, एक बायकोचं, एक वडिलांच्या फोनमधलं. चौथं कुठलं ते घरात कुणालाच माहीत नाही. 'हा माझा नंबर नाही' असं दाबून आलोय. २०१६ च्या आसपास रस्त्यावर छत्री लावून सिमं वाटत होते तेव्हा एकाला आधारची झेरॉक्स आणि दोनदा अंगठा दिला होता, "पहिला नीट नाही आला साहेब" म्हणाला. आत्ता डोक्यात प्रकाश पडला. दुकानदारांबद्दल जे बोललो ते परत घेत नाही, पण मी काही शहाणा नाही एवढं कबूल.

सांजवात

काल बार्शीला जाऊन आले. जे घडलं ते लिहिते, कारण मी विचारला तो प्रश्नच चुकीचा होता असं निघालं.

आईला समोर बसवून माय आधार उघडलं. नंबर टाकला, ओटीपी मागवला. आईचा फोन हातात. येईना. पुन्हा मागवला. नाहीच. रेंज आहे, मेसेज बॉक्स रिकामा आहे. तिथेच लॉगिन न करता आधार वैध आहे का ते तपासायची सोय आहे, त्यात नोंदवलेल्या मोबाइलचे शेवटचे तीन आकडे दिसतात. दिसले. आई चष्मा वर करून म्हणाली, "हा तर ह्यांचा नंबर."

बाबांचं सिम. ते गेल्यावर फोन कपाटात ठेवला, रिचार्ज कुणी केलं नाही, कंपनीने बंद केलं. मग माझ्या पोटात गोळा आला, कारण आधारचं असं असेल तर बँकेचं काय? शाखेत गेलो. खात्यालाही तोच. म्हणजे दोन वर्षं पेन्शन जमा झाल्याचा, पैसे काढल्याचा प्रत्येक मेसेज बाबांच्या नंबरावर जात होता. आईला वाटायचं बँकेने मेसेज बंद केले. ती दर महिन्याला पासबुक भरून आणते म्हणून तिला काही अडलं नाही.

मी घरी येऊन तो नंबर लावला. कुणीतरी उचलला. तरुण मुलगा, हिंदी बोलणारा, मागे लोखंड कापल्याचा आवाज. "राँग नंबर है दीदी, रोज आता है." बँकेचे मेसेज येतात का विचारलं, तर म्हणाला येतात, मला वाटलं जाहिरात आहे. सज्जन निघाला. आई शेजारी उभी होती, स्पीकरवर तो आवाज ऐकून आत निघून गेली. बाबांचा नंबर अजून तिच्या फोनमध्ये 'हे' नावाने आहे.

खातेवही

हे मी विचारायला हवं होतं, चुकलंच. बंद झालेला नंबर कंपन्या किमान ९० दिवस दुसऱ्याला देत नाहीत, त्यानंतर देतात. घरातलं माणूस गेलं की आपण दाखला काढतो, वारस लावतो, सिमचं कुणाच्या लक्षात येत नाही. घरातल्या सगळ्यांचं त्याच एका नंबरावर असतं, विशेषतः बायकांचं. शाखेत मी स्वतः शेकडो खात्यांना 'नवऱ्याचा चालेल' म्हणून तोच नंबर घातलाय. फॉर्मवर रकाना रिकामा राहिला की वरून ओरडा बसायचा.

बदल झाला का? आणि हे लक्षात ठेवा, आपली चूक नसताना कुणा तिसऱ्याने खात्यातून पैसे काढले तर बँकेकडून मेसेज मिळाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत बँकेला कळवलं की ग्राहकावर भुर्दंड येत नाही. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये तसं परिपत्रक काढलं होतं. पण मेसेजच दुसऱ्याच्या खिशात जात असेल तर कळणार कसं आणि कळवणार कधी?

सांजवात

झाला काका. बँकेत अर्ज दिला, मॅनेजरबाईंनी समोरच केला, दुपारी आईच्या फोनवर पहिला मेसेज आला. तो तिने मोठ्याने वाचला, मग शेजारणीला वाचून दाखवला. तिला तो वाचू नकोस म्हणायचा मला धीर झाला नाही. आधार केंद्रावर मोबाइल बदलायला टाकलंय. ते झालं की लॉक, मास्क्ड, सगळं. रेशनचा दिवस कॅलेंडरवर लाल पेनने लिहून ठेवलाय, त्या सकाळी मी मीटिंग घेणार नाही.

आणि टोनरवाला, झेरॉक्सवाल्याकडेही गेले. तुमचंच वाक्य वापरलं. मुलगा खरंच चांगला आहे, कानापर्यंत लाल झाला. आईचं आधार तीन ठिकाणी निघालं: डाउनलोड्समध्ये एक, त्याचीच 'कॉपी' एक, आणि स्कॅनरच्या फोल्डरमध्ये मागच्या वर्षीचं. माझं पॅन नव्हतं. त्याने शिफ्ट डिलीट केलं आणि मला म्हणाला, "ताई, कुणी येऊन विचारत नाही हो असं." जाताना मी एक छोटा पेनड्राइव्ह घेतला, त्यात आईच्या फक्त दोन फाइली ठेवल्या आणि तो तिच्या किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवला. व्हॉट्सअ‍ॅप उघडू द्यायचं नाही, हा काढून द्यायचा, एवढंच तिच्याकडून घोकून घेतलं. व्हॉट्सअ‍ॅपला सहा आकडी पिनही लावला. तो कुठे लिहून ठेवलाय ते इथे सांगत नाही.

टोनरवाला

पेनड्राइव्ह आमच्या कॉम्प्युटरला लावला की त्यात व्हायरस हमखास शिरतो. आईंच्या फोनला तो लावू नका म्हणजे झालं. दोन महिन्यांनी तुम्ही फॉरमॅट करून परत भरा. बाकी झकास.

त्या पोराला माझ्याकडून सांगा, रात्रीचं शटर ओढायच्या आधी.

सांजवात

सांगते. आणि आडवं लिहायचं आईला फारच आवडलंय. आज गॅसवाल्याला दिलेल्या झेरॉक्सवर तिने जांभळ्या पेनने, शाळेतल्या बाईंच्या अक्षरात, "फक्त गॅस सिलिंडरसाठी, दुसऱ्या कशालाही वापरू नये" असं लिहिलं आणि खाली सही. मग लाइट बिलाच्या झेरॉक्सवर लिहिलं. मग रेशनकार्ड काढून बसली, ते मूळ होतं, मी हात धरला.